कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी मनात खोल मुरलेली आहे. दावा लावू पाहणाऱ्याला ती शहाणपण शिकवीत असेलही. परंतु ज्याच्यावर दावा लागला आहे, त्याला ती बुडविते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कापूस हातचा गेला की कर्ज थकते आणि समन्स दारी येते. ते घेतले नाही म्हणजे संकट टळले, असे मानणारे आजही आहेत. वस्तुतः नाकारलेले समन्स बजावले गेले, असेच कायदा धरतो.

या समजुतीची किंमत मोठी आहे. बिनतारणी कर्जाचा दावा धनकोने सामान्यतः 3 वर्षांच्या आत आणावयाचा असतो. समन्स मिळाल्यावर ऋणकोला लेखी कैफियतीसाठी 30 दिवस, आणि सबळ कारण असल्यास 90 दिवसांपर्यंत मुदत मिळते. याच टप्प्यावर त्याला हिशेब मागता येतो, भरलेल्या रकमा वजा करवून घेता येतात, सावकाराचे व्याज मुद्दलावर गेले असल्यास दामदुपटीचा आक्षेप घेता येतो आणि हप्ते बांधून मागता येतात. तो गैरहजर राहिला की हुकूमनामा एकतर्फी होतो. तो रद्द करवून घेण्यास ऋणकोला 30 दिवस. बजावणी करून घेण्यास धनकोला मात्र 12 वर्षे.

हुकूमनाम्यानंतरही कायदा सर्वस्वी निष्ठुर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाने शेतीची अवजारे, उपजीविकेपुरती जनावरे, बियाणे आणि शेतकऱ्याचे राहते घर सर्वसाधारणपणे जप्तीतून वगळले आहे. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. लिलाव झाल्यावरदेखील 60 दिवसांच्या आत देणे आणि खरेदीच्या रकमेवर 5 टक्के भरल्यास तो रद्द करवून घेता येतो. पण यांतील प्रत्येक सवलत न्यायालयासमोर मागावी लागते.

शिवाय पुष्कळशी वसुली या मार्गाने होतच नाही. सहकारी संस्था 1960 च्या कायद्यातील 101 व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवितात. त्याविरुद्ध फेरतपासणी हवी असेल तर देण्याची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अवैध सावकार तर न्यायालयाकडे फिरकतही नाही. कर्ज देतानाच तो शेताचे खरेदीखत करून घेतो आणि फेडीनंतर शेत परत देण्याचा शब्द केवळ तोंडी देतो. परतीची अट त्याच दस्तात नसेल तर असा व्यवहार गहाण ठरत नाही, ही कायद्याची स्थिती 1929 पासूनची आहे. देण्यापोटी गेलेली भूमी सहजासहजी परत येत नाही, हे वऱ्हाडाला नव्याने सांगावयास नको. निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी 1853 मध्ये हा प्रांतच कंपनीच्या ताब्यात गेला आणि 1902 मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 या कायद्याच्या 18 व्या कलमाने यावर उपाय दिला आहे. शेत सावकारीच्या व्यवहारात गेले, असे चौकशीत आढळल्यास जिल्हा निबंधक तो दस्त अवैध ठरवून शेत परत देववू शकतो. येथेही बहुधा अर्ज ऋणकोनेच करावयाचा आणि व्यवहार कर्जाचा होता याचा पुरावाही त्यानेच गोळा करावयाचा.

दिलेले कर्ज परत आले पाहिजे, याविषयी दुमत नाही. सहकारी संस्थेचा पैसा अखेर दुसऱ्या शेतकऱ्याचाच असतो. परंतु वसुली हिशेबाने व्हावी, ऋणकोच्या अज्ञानाच्या बळावर नव्हे. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि कैफियतीची मुदत सोप्या मराठीत प्रत्येक समन्सबरोबर हाती पडली पाहिजे. दाखला मागण्यापूर्वी संस्थेने कर्जदाराला खात्याचा पूर्ण उतारा द्यावा, आणि 18 व्या कलमाखालील अर्ज ठरावीक मुदतीत निकालात निघावेत.

म्हण बदलणे कोणाच्या हाती नाही. समन्स घेऊन तारखेला हजर राहणे ऋणकोच्या हाती आहे, आणि तेथे त्याच्या बाजूने वकील उभा करणे शासनाच्या.