हिरव्या किरणाने राखण होते का?



मागच्या बैठकीत एका तरुणाने खिशातून बोटभर जाडीची नळी काढली आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवर हिरवा ठिपका पाडून दाखवला. "सर, रानडुकरांसाठी मागवलीय. आणखी दोन घेऊ का?" मी 'थांब' म्हणालो. का, ते लिहितो.

आधी कामाचे बोलू. हिरवा लेसर पाखरांवर चालतो, हे खरे. सरकत येणारा ठिपका अंगावर येतोय असे वाटून थवा उठतो. पण तो चालतो झुंजूमुंजू आणि दिवेलागणीला. ऊन चढले की ठिपका फिका पडतो आणि भोरड्या ज्वारीच्या कणसांवर पुन्हा बसतात. जनावरांचे काय? २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिरवे व निळे लेसर रात्री हरणांना पळवण्यात निरुपयोगी ठरले. रानडुक्कर तर डोळ्यापेक्षा नाकावर आणि कानावर चालते. म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोडायचे, तेच काम होईल याचा भरवसा नाही.

आता धोका. औषधाच्या बाटलीवरचा हिरवा त्रिकोण सर्वांत कमी विषारी, हे आपल्याला पाठ आहे. लेसरच्या हिरव्याचा अर्थ तसा नाही. ५ मिलिवॅटच्या पुढचा किरण थेट डोळ्यात गेला, तर पापणी मिटायच्या आत पडदा भाजू शकतो. त्यावर मलमपट्टी नाही. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर लेसरच्या झोताने तरुणांचे डोळे अधू झाल्याची प्रकरणे नाशिकच्या डॉक्टरांनी पुढे आणली होती. पत्र्यावरून, काचेवरून, मोटारीच्या आरशावरून उलटलेला किरणही तितकाच वाईट.

नळीवरच्या आकड्यावरही विसंबू नका. बहुतेक स्वस्त नळ्यांत आधी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण तयार होतो आणि त्यातून हिरवा निघतो. उरलेला अवरक्त अडवणारी काच पैसे वाचवायला गाळली जाते. २०१० साली अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने १० मिलिवॅटची म्हणून विकलेली एक नळी तपासली. हिरवा उजेड मंद होता, पण न दिसणारा किरण जवळपास २० मिलिवॅट निघाला. ठिपका फिका दिसला म्हणून पोर डोळ्याला लावून पाहते, आणि घात होतो.

माझे मत स्पष्ट आहे: हातातली जबर ताकदीची नळी घेऊ नका. ज्यांनी घेतली आहे त्यांनी ती पोरांच्या हाती देऊ नये, रस्त्याकडे, वस्तीकडे, आभाळात विमानाकडे रोखू नये. विकणारा फारच छातीठोक बोलत असेल तर त्याला सांगा, "आठ रात्री माझ्या बांधावर येऊन राखण करून दाखव, मग पैसे."

पण त्या तरुणाला मी हसलो नाही. १९७२ च्या कायद्याने रानडुक्कर सरकारच्या संरक्षणात, आणि त्याने उकरलेला भुईमूग मात्र शेतकऱ्याच्या खात्यात! रात्रीची झोप त्याची, कुंपणाचा खर्च त्याचा, आता डोळेही त्याचेच पणाला. नुकसान झाले की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पंचनामा मागा, पोच घ्या आणि तिची प्रत पुढच्या बैठकीला आणा. नळ्यांना घालायचे पैसे वाचवा. गावोगावच्या अर्जांची चळत टेबलावर पडली, तर तिचा उजेड जास्त लांब पडेल.