सूर्यास्ताच्या आत

मागील मार्गशीर्षात न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर माझ्या पत्नीचा पाय घसरला आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी ६ आठवड्यांचे प्लास्टर घातले. पहिले चार दिवस वहिनींकडून डबा आला, परंतु पुढे त्यांच्याच घरी लग्नकार्य होते. मुलगा बंगळूरूहून म्हणाला, "पप्पा, डबा लावून टाका." मी चौकशी केली. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य करून देणारे मिळाले, पण संध्याकाळचा डबा साडेसातपूर्वी पोहोचवण्यास कोणी राजी नव्हते. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पत्नी गेली २२ वर्षे चौविहार पाळते. साडेसातचा डबा तिच्या दृष्टीने रिकामाच.

अशा रीतीने वयाच्या ६६ व्या वर्षी माझा स्वयंपाकघरात प्रवेश झाला. ३६ वर्षे बँकेत काढली, मोठमोठी कर्जप्रकरणे निकाली काढली, परंतु चहापलीकडे शेगडीशी माझा संबंध नव्हता. कबूल करतो, मला भीती वाटत होती. कुकरची शिट्टी झाली की मी दोन पावले मागे सरकत असे. आणि भाजण्याहूनही हसे होण्याची धास्ती अधिक होती.

पहिल्या दिवशी पाच वाजता खिचडीस आरंभ केला. पत्नी दाराशी खुर्ची टाकून बसली.

"तांदूळ किती?"

"अंदाजाने घ्या."

"आणि मीठ?"

"तेही अंदाजानेच." असे म्हणून तिने डाव्या हाताची चिमूट हवेत धरून दाखवली. बँकेत एखाद्या कारकुनाने रक्कम अंदाजाने लिहिली असती, तर मी त्याला घरी पाठवले असते. येथे मात्र मीच उमेदवार होतो. पाणी गाळले. वाटीभर मूगडाळ खोट्या नोटा शोधाव्यात तशी निवडण्यात वीस मिनिटे घालवली. कुकर चढवला आणि शिट्टीची वाट पाहत उभा राहिलो. वाफ कडेने फसफसत होती, शिट्टी काही होईना. आणखी वीस-पंचवीस मिनिटांनी पत्नी उठून आली. झाकणाची रबरी रिंग ओट्यावरच पडलेली होती.

खिचडी शिजली तेव्हा सूर्य मावळला होता. पत्नीने घड्याळाकडे पाहिले, पच्चक्खाण घेतले आणि म्हणाली, "राहू द्या. उद्या जरा लवकर सुरू करा." बस, एवढेच. दुखण्यावरची गोळी जेवणानंतर घ्यायची होती, तीही अर्थातच राहिली. रात्री कुशीवर वळताना ती हलकेच कण्हत होती आणि मी छताकडे पाहत पडलो होतो. ती चिडली असती तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच कामास लागलो. वही घेतली, मापे नोंदवली : १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी. वेळ साधली, पण खिचडीची खळ झाली. पत्नीने निमूटपणे खाल्ली. माझा मेहुणा किराणा मालाचा व्यापारी. त्याला दूरध्वनी केला, तेव्हा तो हसून म्हणाला, "जिजाजी, तुमच्याकडे पाठवलेला तांदूळ नव्या हंगामाचा आहे. नवा तांदूळ पाणी कमी मागतो, जुना अधिक मागतो." तळहातावर दाणे घेऊन तांदळाचे वय सांगणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यात एकदाही कुकर लावलेला नाही. आपल्या व्यापारी घरांतील किती पुरुषांची हीच कथा असेल! डाळीचा भाव तोंडपाठ आणि ती शिजते कशी याचा पत्ता नाही.

कुकरची भीती गेली ती त्याची रीत कळल्यावर. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून पाण्यासह तो अर्ध्याहून अधिक भरू नये. शिट्टीची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते पाहावे. वाफ आपोआप निवाल्याखेरीज झाकणास हात लावू नये. फोडणीचा धडा याहून कठीण निघाला. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसणाचा आधार नसल्याने सारा भार हिंग-जिऱ्यावर. बहुतांश हिंग अफगाणिस्तानातून येतो. आपण डबीतून घेतो तो डिंक आणि पीठ मिसळलेला असतो. त्याचा गंध तुपात खुलतो, पण तूप धुरावले तर क्षणात करपतो. माझा दोनदा करपला. "एक जिरे टाकून पाहा, तडतडले की बाकीचे टाका, ते फुलताच गॅस बंद करा आणि मग हिंग," हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सव्वापाचला ताट वाढले. खिचडी, कढी, भाजलेला पापड. गॅलरीच्या भिंतीवर अजून ऊन होते. पत्नीने डाव्या हाताने चमच्याने खाल्ले आणि म्हणाली, "मीठ थोडे कमी आहे. तळाची खरपूस खिचडी उरली आहे का? मला ती फार आवडते." मी चमकलो. आमच्या लग्नाला ३९ वर्षे झाली. इतकी वर्षे ती सर्वांना वाढून शेवटी बसे आणि तळाचे तिच्या ताटात जाई. ते तिला आवडते की उरते म्हणून ती घेते, हे मी कधी विचारलेच नव्हते. मी कुकर खरवडून तिला वाढले.

प्लास्टर निघाले, पण बोटांत जोर यायला वेळ लागणार आहे, म्हणून संध्याकाळचा कुकर अद्याप माझ्याकडे आहे. फुलक्यांविषयी मात्र तूर्त काही लिहीत नाही. त्यांची शिकवणी चालू आहे आणि कालच्या एका फुलक्याला पत्नीने नुसते उलटसुलट पाहिले, काही बोलली नाही.