एकाच पंगतीतले पापी

ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या मंडळींत होते. कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचारापुरता पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. मिशनऱ्यांचा चहा पोटात गेला म्हणजे पाप घडले का, घडले असेल तर प्रायश्चित्त कोणते, यावर महिनोन्‌महिने खल चालला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांच्या जिवाला ते फार लागले.

त्याच वर्षांत त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात बालविधवा शिकत होत्या. जिला नवऱ्याचा चेहराही आठवत नाही अशा मुलीचे केशवपन करावे, तिला एकभुक्त ठेवावे, शुभकार्यात तिने समोर येऊ नये म्हणून तिला माजघरात कोंडावे, यांपैकी कशालाही प्रायश्चित्त सांगितलेले नव्हते. पेलाभर चहा हे पाप ठरले, आणि पोरीच्या उभ्या आयुष्याची राख होणे हा रिवाज.

ख्रिस्ती शुभवर्तमानातल्या पापाच्या कल्पनेवर आपल्याकडे जी टीका होते ती तपासताना ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत. कारण मुळात वाद आहे तो पाप कशाला म्हणायचे याचाच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात शास्त्री आणि परूशी येशूला जाब विचारतात की तुझे शिष्य हात न धुता कसे जेवतात. येशू उत्तर देतो ते असे, की बाहेरून पोटात जाणाऱ्या वस्तूने माणूस विटाळत नाही. लोभ, कपट, निंदा, गर्व, व्यभिचार हे त्याच्या अंतःकरणातून निघते आणि त्यानेच तो विटाळतो. पंचहौदच्या वादाचा निकाल अठराशे वर्षे आधीच लागून गेला होता, असे म्हणण्याचा मोह त्यामुळे आवरत नाही.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप स्वामी विवेकानंदांचा. 19 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत त्यांनी हिंदू धर्मावर निबंध वाचला, त्यात माणसाला पापी म्हणणे हेच पाप आहे असा त्यांचा आशय होता. माणूस अमृताचा वारस आहे, त्याला पापी ठरवणे म्हणजे मानवतेची बदनामी. हे बोल ऐकून आजही मान ताठ होते, आणि ज्या समाजाला परक्या सत्तेने हीन ठरवले होते त्याला ते ऐकवण्याची गरजही होती. त्या काळातले काही मिशनरी ज्या तुच्छतेने या देशाबद्दल लिहीत, ती आठवली की स्वामीजींचा त्वेष समजतो.

तरीही आक्षेप टिकत नाही. माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला आहे हे बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे. पापाचा विषय त्यानंतर येतो. ज्याची मूळची किंमतच नाही त्याच्या पतनाचे दुःख कोणाला होणार? आणि पापाची जाणीव परदेशातून जहाजाने आली असे मानायचे, तर वारकरी परंपरेचे काय करायचे? तुकोबांनी स्वतःच्या दोषांची जितकी निर्दय झाडाझडती घेतली तितकी क्वचितच कोणी घेतली असेल. पंढरीच्या देवाला पतितपावन म्हणायचे तर हाक मारणारा स्वतःला पतित म्हणतो हे उघड आहे, आणि त्या हाकेने मराठी माणूस खुजा झाला असे कोणी म्हणत नाही. कवी नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो. त्यांच्या दृष्टीने ती वाट याच मातीतून जात होती.

हा आक्षेप कोणाच्या तोंडी शोभतो, हेही पाहायला हवे. ज्याला जन्मतःच शुद्ध मानले गेले त्याला सर्व माणसे पापी आहेत हे वाक्य अपमानास्पद वाटणारच. पण ज्याला जन्मतःच अशुद्ध ठरवले आहे त्याच्या कानावर ते कसे पडते? रमाबाईंनी 1907 मध्ये आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली, तीत त्याचे उत्तर मिळते. संस्कृत ग्रंथ त्यांनी लहानपणापासून मुखोद्गत केले होते, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती ही पदवी दिली होती. त्या लिहितात की ग्रंथांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी स्त्रिया, उच्च जातीच्या असोत की नीच जातीच्या, वर्ग म्हणून वाईट आहेत यावर त्यांचे एकमत आढळले. म्हणजे पापी हा शब्द त्यांना नवा नव्हता. तो त्यांच्या देहालाच चिकटवलेला होता. शुभवर्तमानाने त्यांना नवे सांगितले ते इतकेच, की पंडित, पुरोहित, राजा आणि विधवा एकाच पंगतीत बसले आहेत. वरची पंगत मुळात नाहीच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल यहूदी आणि हेल्लेणी या दोघांनाही पापाखाली आणतो ते याच अर्थाने. त्या वाक्यात सोवळ्याची उतरंड मोडण्याची ताकद आहे.

रमाबाई इंग्लंडला गेल्या 1883 मध्ये, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे. तिथून त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले एक घर पाहायला नेले. वेश्याव्यवसायात सापडलेल्या, रस्त्यावर आलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जाई. रमाबाईंनी असे काही पूर्वी पाहिले नव्हते, आणि त्यांना सर्वांत नवल वाटले ते तिथल्याच पूर्वीच्या काही स्त्रियांचे. एके काळी ज्यांना समाजाने टाकले होते त्या आता आजाऱ्यांची आणि अपंगांची सेवा करीत होत्या. या बायकांना इतक्या दयेने का वागवता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा सिस्टर जेराल्डीन यांनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटीच पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो, तिचे आयुष्य तिच्यापुढे मांडतो, आणि तिला झिडकारत नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो: धर्मांतर म्हणजे आमिष. पोटासाठी, नोकरीसाठी, साहेबाच्या मर्जीसाठी माणसे ख्रिस्ती झाली. काही झाली असतील. दुष्काळाच्या देशात भाकरीचा मोह कोणाला चुकला? पण या आक्षेपाला उदाहरणे मोजून चालायचे तर नारायण वामन टिळकांचेही मोजावे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. वाचत वाचत ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मिळाले काय? नातलग तुटले, बायको काही वर्षे दुरावली, जात गेली. पुढे मिशनची नोकरी होती तीही त्यांनी 1917 मध्ये सोडली आणि संन्यासी होऊन फिरू लागले. रमाबाईंचे तसेच. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये गहजब झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्याआधी रमाबाईंवर झोड उठली होती तेव्हा त्यांची बाजू घ्यायला जोतीराव फुले उभे राहिले. 1885 च्या ‘सत्सार’मध्ये ते पाहायला मिळते. आमिषाचा व्यवहार असा तोट्याचा नसतो.

तिसरा आक्षेप चर्चच्या वर्मावर बोट ठेवतो. ख्रिस्ती झालेले तरी कुठे सुधारले? गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाने माणसे तुरुंगात घातली, छळली, काहींना जिवंत जाळले. तिथल्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद सोयरीक जमवताना अजून निघतात. यावर सारवासारव करणारा ख्रिस्ती लेखक आपल्याच शुभवर्तमानाला खोटे पाडतो. गोव्यातला तो छळ पाप होता, आणि क्रूस हाती धरून केला म्हणून अधिकच घोर पाप होता. येशूने सर्वांत कठोर शब्द वेश्यांना आणि जकातदारांना ऐकवले नाहीत. ते धर्माच्या गादीवर बसलेल्यांना ऐकवले. सर्व माणसे पापी आहेत हा सिद्धांत बिशपला आणि पाळकाला लागू होत नसेल तर तो सिद्धांतच उरत नाही. त्यामुळे चर्चच्या दुष्कृत्यांनी हा सिद्धांत खोटा पडत नाही. दुर्दैवाने तो खरा ठरतो.

चौथ्या आक्षेपाचे टोक अधिक अणकुचीदार आहे: रविवारी क्षमा मागायची, सोमवारी पुन्हा तेच. क्षमा इतकी स्वस्त असेल तर पापाला धाक कसला? याचे उत्तर लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. यरीहोचा जक्कय जकातदारांचा मुख्य, रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांना लुबाडून गबर झालेला. ठेंगणा असल्यामुळे येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू वर पाहून म्हणतो की आज मी तुझ्याच घरी उतरणार. लोक कुरकुरतात. जक्कय मात्र उभा राहून निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी प्रायश्चित्त, मग पंगत, हा पुण्याचा क्रम. यरीहोत आधी पंगत मिळाली, आणि त्या अनपेक्षित मायेने तिजोरी उघडली. चौपट फेड करणाऱ्याला क्षमा स्वस्तात मिळाली असे कसे म्हणावे? जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 च्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपेवर कडाडून हल्ला केला, आणि 1945 मध्ये हिटलरच्या राजवटीने त्यांना फासावर दिले.

तरीही इथे ख्रिस्ती व्यासपीठांवरच्या एका सवयीचे खंडन केले पाहिजे. सभांमधून साक्षी दिल्या जातात त्यांत एका रात्रीत दारू सुटते, एका प्रार्थनेत स्वभाव पालटतो. कोणाचे तसे होतही असेल, पण तोच नियम म्हणून सांगणे ही फसवणूक आहे. जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाला मार्च 1748 च्या समुद्री वादळात देव आठवला, आणि त्यानंतरही तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता, 1754 पर्यंत. वर प्रार्थना, खाली जहाजाच्या तळाशी साखळदंडातली माणसे. ते पाप त्याला दिसायला वर्षे लागली. 1788 मध्ये त्याने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहिली, तीत आपला सहभाग लाजेने कबूल केला आणि त्या व्यापाराचे क्रौर्य डोळ्यांनी पाहिलेल्याच्या अधिकाराने उघडे केले. त्याआधी तीन वर्षे तरुण खासदार विल्बरफोर्स सल्ल्यासाठी त्याच्याकडे आला होता, त्याला त्याने संसद सोडू नकोस असे सांगितले होते. 1807 मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला. न्यूटन त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारला. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ही हेच सांगतात. टिळकांचा तापटपणा बाप्तिस्म्याने धुऊन गेला नाही, आणि बाईंनी तो झाकलाही नाही. त्या स्वतः नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळे पाळत होत्या. ते सुटले ते विचार करकरून, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या दडपणाखाली नव्हे.

रमाबाईंनीही आपल्याबद्दल असेच प्रांजळपणे लिहिले आहे. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र त्यानंतर आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास भेटला, असे त्या सांगतात. तोवर त्या धर्माची मते पटवून घेत होत्या. आपण स्वतः पापी आहोत आणि आपल्याला क्षमा झाली आहे हे त्यानंतर कळले. विद्वत्तेचा, कुळाचा, त्यागाचा सगळा आधार बाजूला ठेवायला पंडितेला इतका वेळ लागला.

त्यातून काय निघाले ते रमाबाईंच्या केडगावच्या कामात पाहायला मिळते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात पोरक्या मुली दलालांच्या हाती पडत होत्या. आईबाप आणि बहीण ओळीने गमावून उपाशीपोटी भटकलेल्या रमाबाई तिकडे स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी 1899 मध्ये त्यांनी केडगावलाच कृपासदन उघडले. अशा स्त्रियांना थारा देणे हा ख्रिस्ती लोकांचाच मक्ता होता असे नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि त्यांच्या धैर्यापुढे कोणीही नमावे. रमाबाईंना जे बळ मिळाले त्याचा उगम मात्र त्या स्वतः सांगतात तोच मानला पाहिजे: फुलहॅमचे घर, विहिरीवरची ती बाई, आणि आपणही तिच्याच पंगतीतल्या आहोत ही ओळख. कृपासदनाच्या दारात येणारीला पूर्वीचा हिशेब आधी चुकता करावा लागत नव्हता. निवारा आधी मिळत होता. शिकणे, काम करणे आणि स्वतः दुसरीची शुश्रूषा करणे त्यानंतर येत होते.