गॅस गिझर बसवण्यापूर्वी : हवेची वाट, धुराची वाट

दिवाळी सरली, की घरोघरी गरम पाण्याची चर्चा सुरू होते. पुणे, नाशिक, सातारा या भागांत पहाटेचा गारठा वाढू लागतो, आजी-आजोबांच्या सांध्यांना थंड पाणी सोसेनासे होते आणि विजेच्या बिलाचा विचार करून पुष्कळ कुटुंबे गॅस गिझर घ्यायचे ठरवतात. हा निर्णय वाईट आहे असे नाही. नळ उघडताच गरम पाणी मिळते आणि पाणी तापण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र खरेदीच्या वेळी आपण किंमत, क्षमता आणि हमीची वर्षे विचारतो; याचा धूर कोठून बाहेर जाणार, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. वृद्धांच्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आजचे हे सदर त्यासाठीच.

ज्योतीला लागते ते आणि ज्योतीतून निघते ते

विजेच्या गिझरमध्ये काही जळत नाही. गॅस गिझरमध्ये जळते, आणि जळण्यासाठी हवा लागते. थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा घरगुती गिझर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटे चालला, तर सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू खर्च होतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा असते ती जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल, तर एका माणसाच्या आंघोळीत तेथील एक तृतीयांशाहून अधिक प्राणवायू ज्योतच संपवते.

हवा भरपूर असते तेव्हा गॅस पूर्ण जळतो व त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा अपुरी पडू लागली, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि त्याने घसा खवखवत नाही की डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरचा गॅस गळला तर आपल्याला उग्र वास येतो. तो वास गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या द्रव्याचा असतो. गॅस जळून गेल्यावर हा इशाराही त्याच्याबरोबर जळून जातो.

फुप्फुसांतून रक्तात शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त वाहत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला पोहोचवायचा प्राणवायू त्यात पुरेसा उरत नाही. प्रथम डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, पायांतील बळ जाणे, गोंधळलेपणा आणि शेवटी बेशुद्धी. काहींना झटके येतात. आपल्या देशातील वैद्यकीय लेखनात या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावही मिळाले आहे.

वृद्धांना धोका अधिक का?

पहिले कारण शरीराचे. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत, ज्यांना दमा किंवा रक्तक्षय आहे, त्यांना प्राणवायूची थोडी तूटही सोसत नाही. तरुणाला जेथे नुसते डोके दुखेल, तेथे हृदयरुग्णाच्या छातीत कळ येऊ शकते.

दुसरे कारण सवयींचे. वय झालेली माणसे सावकाश आंघोळ करतात. वारा लागू नये म्हणून झडपा बंद करतात, दाराखालची फट पायपुसण्याने बुजवतात आणि आतून कडी लावतात. सवयी समजण्याजोग्या आहेत, परंतु ज्योत आत असेल तर त्याच जिवावर बेततात.

तिसरे कारण आपले, म्हणजे कुटुंबीयांचे आणि डॉक्टरांचेही. वृद्ध व्यक्ती न्हाणीघरात पडली, की आपण लगेच रक्तदाब, साखर, पाय घसरणे किंवा ‘वय झाले’ यांकडे बोट दाखवतो. हवेकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दोन वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. महिनाभर रोज सकाळी डोके दुखते, मळमळते आणि दुपारपर्यंत आपोआप बरे वाटते, अशी तक्रार होती. ताप नाही, सर्दी नाही, रक्तदाब आटोक्यात.

“आजी, दुखणे नेमके कधी सुरू होते?”

“आंघोळ झाली की. हे माझ्या आधी आंघोळ करतात, त्यांना काही होत नाही. मलाच होतं.”

“एखादा दिवस बरा गेला का?”

त्या विचारात पडल्या. उत्तर सुनेने दिले. “मधले चार दिवस सिलिंडर नव्हता. मी इंडक्शनवर पाणी तापवून देत होते. त्या चार दिवसांत आईंनी गोळी मागितली नाही.”

गिझर न्हाणीघराच्या आतल्या भिंतीवर होता, त्याला धुराडे नव्हते आणि थंडीमुळे खिडकीवर प्लास्टिक लावलेले होते. आजोबांच्या आंघोळीने हवा बिघडत असे आणि ती बिघडलेली हवा आजींच्या वाट्याला येत असे. गिझर उघड्या गच्चीकडील बाहेरच्या भिंतीवर गेला, आत केवळ पाण्याची नळी आली आणि डोकेदुखी थांबली. औषधांत काहीही बदल करावा लागला नाही.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका

करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक हे साधे उपकरण ओळखू शकत नाही. त्यामुळे रुग्ण गंभीर असतानाही त्यावर ९७ किंवा ९८ हा आकडा दिसू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून थांबू नये. निदानासाठी रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी करावी लागते, आणि तीही लवकर.

गिझर बसवताना काय ठरवावे?

जागा आधी ठरवावी, गिझर नंतर घ्यावा. सर्वांत उत्तम जागा म्हणजे न्हाणीघराबाहेरची, खऱ्या अर्थाने उघडी बाल्कनी किंवा बाहेरची भिंत. ‘खऱ्या अर्थाने’ असे म्हणण्याचे कारण म्हणजे आपल्या सदनिकांतील ड्राय बाल्कनीला बहुधा सरकत्या काचा लावलेल्या असतात. काचा बंद झाल्या, की ती बाल्कनी राहत नाही, खोली होते. तेथे कायम उघडी राहणारी जाळी हवी.

मग प्रकार पाहावा. काही गिझरना धुराडेच नसते. धूर वरच्या जाळीतून त्याच जागेत सुटतो. असा गिझर न्हाणीघरात बसवू नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. काहींना धूर बाहेर नेणारी धातूची नळी असते. कारागीर तिला ‘फ्लू’ म्हणतात. काहींत धूर ढकलण्यासाठी विजेचा पंखा असतो. आणखी एका प्रकारात ज्योतीची कोठी पूर्ण बंद असते. हवा बाहेरून येते व धूर बाहेरच जातो, खोलीतील हवेशी ज्योतीचा संबंधच येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावेच, पण चिन्ह असलेला गिझरही चुकीच्या जागी घातक ठरतो.

धुराड्याच्या बाबतीत चार गोष्टी पाहाव्यात. नळी शक्य तितकी आखूड असावी आणि तिला वळणे कमी असावीत. तिचे सांधे घट्ट असावेत. तिचे तोंड मोकळ्या आकाशाकडे उघडावे आणि कोणाच्याही खिडकीजवळ नसावे. अनेक इमारतींत न्हाणीघराची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडते. तेथे सोडलेला धूर वर जाताना वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात शिरू शकतो. आपल्या घरातून गेला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. चौथी गोष्ट म्हणजे, धुराडे असूनही खोलीत हवा येण्यासाठी कायमची जाळी लागतेच. कोंडलेल्या खोलीतून धूर चढत नाही.

एक्झॉस्ट फॅन लावला की भागले, असा समज सर्वत्र आढळतो. पंखा आतली हवा बाहेर ओढतो. पण बाहेरची हवा येण्यास दुसरी वाट नसेल, तर तो ती धुराड्यातूनच आत खेचतो. मग बाहेर निघालेला धूर उलट पावली घरात येतो. म्हणून पंखा आणि धुराडे यांचा मेळ जाणकाराकडूनच घालून घ्यावा. हे काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचे आहे. नळ बसवणाऱ्या कारागिराकडून घाईत उरकून घेण्याचे नव्हे.

धुराडे बसवले म्हणजे काम संपत नाही, ते मोकळे राहावे लागते. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील आपल्या घरी या वायूने गेले; शयनगृहातील शेकोटीच्या धुराड्याची वाट अडलेली होती. त्यांच्या पत्नी वाचल्या. आपल्याकडे पारव्याचे घरटे, कोळ्यांची जाळी किंवा रंगकाम करताना कोंबलेला बोळा हेच काम करतो. वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, नळी, ज्योत आणि रबरी नळी तपासून घ्यावी. ज्योत निळी हवी. ती पिवळी पडली, काजळी धरू लागली, तर दुरुस्ती होईपर्यंत गिझर बंद ठेवावा. मात्र निळी ज्योत म्हणजे निर्धोक हवा, असा उलट अर्थ घेऊ नये.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र मिळते, ते अवश्य घ्यावे. स्वयंपाकघरातील गॅसगळती ओळखणारे यंत्र वेगळे. ते हा वायू ओळखीत नाही. खरेदी करताना हा भेद दुकानदाराला स्पष्ट विचारावा.

गिझर आत आधीच असेल तर

जागा बदलेपर्यंत एक नियम पाळावा. दार आणि खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच वृद्ध व्यक्तीने आत जावे. गिझर चालू असताना दार लावून आंघोळ नको, शॉवर तर नकोच. घरात एकामागून एक आंघोळी असतील, तर प्रत्येक आंघोळीनंतर दार पाच-दहा मिनिटे उघडे ठेवावे. आतून कडी न लावता दार नुसते लोटून घ्यावे. वडीलधाऱ्यांना याचा संकोच वाटतो, तो समजून घ्यावा. दाराबाहेर पाटी किंवा टॉवेल अडकवण्याची खूण ठरवली, की त्यांची लाजही राहते आणि जीवही. मधूनमधून बाहेरून हाक मारावी.

आत कोणी पडल्याचे लक्षात आले, तर सर्वप्रथम दार-खिडकी उघडावी, गिझर बंद करावा आणि माणसाला मोकळ्या हवेत आणावे. स्वतः त्या हवेत रेंगाळू नये. वाचवणाराही कोसळू शकतो. श्वास थांबला असेल आणि छातीदाबन येत असेल, तर ते तत्काळ सुरू करावे. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य रुग्णालयात न विसरता सांगावे. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर साधारण एक ते दीड तास. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावेच. काहींना बरे वाटल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात बदल, स्वभावात बदल अशी लक्षणे दिसतात. ती म्हातारपणाची समजून सोडून देऊ नयेत.

परदेशी मुलांकडे जाताना

आपले अनेक वाचक हिवाळ्यात अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुलांकडे असतात. तेथे दिवाणखान्यात गॅसची फायरप्लेस असते. दिसते शेकोटीसारखी, नियम मात्र आपल्या गिझरचाच. पोहोचल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारावेत : हिचे धुराडे कोठे उघडते, शेवटची तपासणी कधी झाली आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र आहे का? इंग्लंडमध्ये गॅसच्या उपकरणाचे काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानेच करावे, असा कायदा आहे आणि भाड्याच्या घरात दरवर्षी तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. तेथे घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी व मळमळ झाली, ताप नसला आणि बाहेर फिरून आल्यावर बरे वाटले, तर त्याला फ्लूचा ताप समजून पांघरूण घेऊन पडू नये. घराबाहेर पडावे आणि मदत बोलवावी.

या पंधरवड्यात एक काम करावे. सकाळच्या उजेडात आपल्या न्हाणीघरात उभे राहून दोन गोष्टी बोटाने दाखवून पाहाव्यात : बाहेरची हवा येते ती जागा आणि धूर जातो ती जागा. दोन्ही दाखवता आल्या नाहीत, तर त्या दिवसापासून पाणी चुलीवर, इंडक्शनवर किंवा विजेच्या गिझरमध्ये तापवावे, आणि गॅस गिझरची जागा बदलून घ्यावी.