पावणेदोन तासांचे उड्डाण, सव्वादोन तासांचे वेळापत्रक

मुंबई आणि दिल्ली या विमानतळांमधील हवाई अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर आहे. या मार्गावरील एअरबस-३२० किंवा बोइंग-७३७ जातीची विमाने उंचीवर स्थिरावली की ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातात. चढण्या-उतरण्याचा जादा वेळ धरला, तरी आकाशातील प्रवास पावणेदोन तासांच्या आसपास संपायला हवा. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या घरात वेळ दाखवला जातो.

या फरकाचा काही भाग रास्त आहे. वेळापत्रकातील वेळ विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंतची असते. वैमानिकी भाषेत हाच 'ब्लॉक टाइम'. दिल्ली विमानतळाचा विस्तार पाहता धावपट्टीपासून टर्मिनलपर्यंतची वाटचालही छोटी नाही. शिवाय विमान सरळ रेषेत उडतेच असे नाही. हवाई दलासाठी राखून ठेवलेले पट्टे टाळून त्याला वळसे घ्यावे लागतात. देशाच्या आकाशापैकी केवळ साठ टक्के भाग नागरी उड्डाणांना मुक्तपणे उपलब्ध असल्याचे केंद्र सरकारनेच मे २०२० मध्ये सांगितले होते. ही बंधने शिथिल झाल्यास वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील, असा हिशेबही तेव्हा मांडला गेला.

खरी गाठ मात्र मुंबईत आहे. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरीही २०१८ मध्ये येथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. या विक्रमाचे कौतुक झाले. त्याची किंमत आकाशात घिरट्या घालणारी विमाने मोजत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईवर विमानांना चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे नमूद केले. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर, म्हणजे अंदाजे १.८ लाख रुपयांचे इंधन जळते. गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ उड्डाणांचीच मर्यादा तेव्हा घालण्यात आली.

कंपन्यांनी यावर शोधलेली तोड सोपी आहे: वेळापत्रकच सैल करायचे. नियोजित वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत केलेले उड्डाण वक्तशीर मानले जाते. मग 'वेळेआधी पोहोचलो' ही घोषणा ऐकून प्रवासी सुखावतो, आणि ती वेळ मुळातच फुगवलेली होती हे त्याच्या ध्यानी येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. सांताक्रूझवरील भार त्यामुळे हलका होईल, पण दोन्ही विमानतळांच्या वाटा एकाच आकाशातून जातात. त्यांचे नियंत्रण नीट साधले तरच घिरट्या घटतील. आणि बोरिवली-दहिसरच्या प्रवाशाने गर्दीच्या वेळी उलव्याचा रस्ता धरला, तर आकाशात वाचलेली वीस मिनिटे त्याला घोडबंदर ओलांडण्याआधीच परत करावी लागतील.