यादीत नाव नाही, पण दारात हजर



गेल्या पंधरवड्यात एका ताईंनी विचारले, "धाकटा मुलगा मोबाईलवर जुन्या व्हिडिओ गेमची माहिती बघतो. त्या गेममध्ये म्हणे एक भूत आहे, आणि ते दिसले की खेळ बिघडतो. आता रात्री मोरीत जायलाही तो कुणाला तरी सोबत मागतो. मोबाईल काढूनच घेऊ का?"

ताई, मोबाईल किती वेळ द्यायचा ते तुम्ही घरात ठरवा. पण तो काढून घेतल्याने भीती जाणार नाही. भीती जाते ती कारण कळल्यावर. म्हणून आज त्या भुताचीच चौकशी करू.

हा खेळ जपानचा. सातोशी ताजिरी आणि त्यांची 'गेम फ्रीक' ही कंपनी सुमारे सहा वर्षे त्यासाठी खपली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन रेड' आणि 'पोकेमॉन ग्रीन' हे खेळ बाजारात आले. अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये ते 'रेड' आणि 'ब्लू' या नावांनी गेले. निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या छोट्या यंत्रावर मुले ते खेळत. गावोगाव हिंडायचे, गवतात आणि पाण्यात लपलेले प्राणी पकडायचे, वाढवायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या. असे एकूण १५१ प्राणी.

आता असे समजा की या प्राण्यांसाठी यंत्रात एक चाळ बांधली आहे. खोल्या १९०, पण बिऱ्हाडे १५१. उरलेल्या ३९ खोल्या रिकाम्या. खोली रिकामी असली तरी दारावर पाटी हवी, म्हणून खेळ लिहिणाऱ्यांनी त्या सगळ्या दारांवर एकच पाटी लावली, 'मिसिंगनो'. म्हणजे नंबर गहाळ. जपानी खेळात 'केत्सुबान' असा शब्द आहे, त्याचाही अर्थ तोच. या दारांशी कुणी जाऊ नये अशी योजना होती. पण मुले तिथे पोचली. कशी, ते बघण्यासारखे आहे.

गेम बॉयची कामापुरती स्मरणशक्ती अवघी ८ किलोबाइट. मोबाईलवर काढलेला आजचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. एकाच खोलीत सकाळी स्वयंपाक, दुपारी शिलाई आणि रात्री अंथरूण असा संसार ज्यांनी केला आहे, त्यांना पुढचे लगेच कळेल. जागा कमी म्हणून तीच जागा वेळ बघून निरनिराळ्या कामांना वापरायची.

खेळात व्हिरिडियन नावाचे गाव आहे. तिथे एक म्हातारेबाबा प्राणी कसा पकडायचा ते करून दाखवतात. तेवढ्या वेळेपुरते पडद्यावर खेळाडूच्या नावाऐवजी बाबांचे नाव यावे लागते. मग खेळाडूचे खरे नाव तोवर ठेवायचे कुठे? ते ठेवले गवतातल्या प्राण्यांची यादी असते त्या जागेत. हिशोब तसा बरोबर होता. गावात गवत नाही, म्हणून तिथे यादीची गरज नाही. पुढे गवताच्या रस्त्याला लागले की नवी यादी येणार आणि ठेवलेले नाव पुसले जाणार.

पण मुलांनी काय केले? बाबांचा धडा संपताच प्राण्यावर बसून थेट सिनाबार बेटावर उडाली. त्या बेटावरही गवत नाही, म्हणून नवी यादी आली नाही आणि नाव जागच्या जागी राहिले. मग ती बेटाच्या पूर्व किनाऱ्याला लागून पाण्यात वर-खाली फिरू लागली. किनाऱ्याच्या त्या चौकोनात अर्धे पाणी, अर्धी जमीन. यंत्र त्याची दोनदा तपासणी करते. एकदा उजवा कोपरा बघते आणि म्हणते, पाणी आहे, इथे प्राणी निघू शकतो. दुसऱ्यांदा डावा कोपरा बघते आणि म्हणते, पाणी नाही, तेव्हा गवताची यादी काढा. आणि यादीच्या जागी तर खेळाडूचे नाव पडलेले!

यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. या खेळात इंग्रजी मोठा 'ए' म्हणजे १२८, 'बी' म्हणजे १२९, असे पुढे. नावाचे दुसरे, चौथे, सहावे अक्षर प्राण्याची पातळी ठरवते. तिसरे, पाचवे, सातवे अक्षर प्राणी कोणता ते ठरवते. समजा मुलाने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'सागर' असे नाव घातले. दुसरे अक्षर 'ए', म्हणजे पातळी १२८. एरवी या खेळात १०० च्या वर पातळी जात नाही. तिसरे अक्षर 'जी', म्हणजे खोली क्रमांक १३४. आणि १३४ ची खोली रिकामी. दार उघडले, मिसिंगनो हजर! नाव संपल्याची खूणही एक आकडाच आहे, ८०, आणि ८० ची खोलीही रिकामीच. म्हणून कितीतरी मुलांच्या वाट्याला तो आला.

खोलीत कुणी राहतच नसेल तर त्याचा फोटो कुठून येणार? यंत्र भलत्याच जागेची माहिती चित्र समजून वाचते आणि पडद्यावर ठिपक्यांचा उलटा 'एल'सारखा ठोकळा उभा राहतो. मात्र १८२, १८३ आणि १८४ या तीन खोल्यांत खेळ लिहिणाऱ्यांनी सामान ठेवले होते. दोन खोल्यांत जीवाश्म प्राण्यांचे सांगाडे, खेळातल्या म्युझियममध्ये दाखवण्यासाठी. तिसरीत एका भुताचे चित्र, खेळातल्या स्मशानाच्या मनोऱ्यासाठी. नावात लहान लिपीतला 'वाय' नेमक्या जागी पडला तर आकडा येतो १८४, आणि पडद्यावर भूत येते. ताई, तुमच्या मुलाचे भूत ते हेच. माळ्यावर ठेवलेले नाटकाचे सोंग.

आता दुसरा चमत्कार. मिसिंगनो दिसला की पिशवीतली सहावी वस्तू एकदम १२८ ने वाढते. एक असेल तर १२९ होते. दुर्मिळ वस्तू अशा वाढू लागल्यावर मुले या बेटावर रांग लावणार नाहीत तर काय! पण याचेही कारण आहे. प्राणी दिसला की खेळाच्या वहीत 'पाहिला' अशी टीक होते. मिसिंगनोचा वहीतला क्रमांक शून्य. पहिल्या रकान्याच्या मागे रकाना नाही, म्हणून यंत्राची मोजणी उलटी फिरून शेवटच्या २५६ व्या रकान्यावर जाते. वहीत तर १५१ च रकाने. ती टीक वहीबाहेर, थेट पिशवीच्या हिशोबात पडते. जिथे पडते तिथे सहाव्या वस्तूची संख्या लिहिलेली असते, आणि त्या घराची किंमत १२८. चमत्कार संपला.

नुकसान मुळीच होत नाही असे नाही. त्याचे चित्र मापात बसत नाही आणि शेजारच्या जागेत सांडते. तिथे जिंकलेल्या खेळाडूंच्या सन्मानाची नोंद असते, ती विस्कटते. इतर प्राण्यांची चित्रे उलटी दिसू लागतात, पण दुसऱ्या प्राण्याचे चित्र उघडले की ती सरळ होतात. निन्टेन्डोच्या अमेरिकेतील मासिकाने १९९९ साली मुलांना सावध केले होते की यामुळे साठवलेला खेळ पुसला जाऊ शकतो. महिनोन्महिने खेळून जमवलेले पोरांना सांभाळायचे असेल, तर तो इशारा अगदीच फुकट नव्हता.

मिसिंगनोची जात बघायला गेले तर आणखी एक गंमत सापडते. प्रत्येक प्राण्याचा प्रकार ठरलेला असतो, आग, पाणी, गवत, वीज वगैरे. खेळात असे प्रकार १५. पण प्रकारांच्या तक्त्यात सहाव्या आकड्याला सोळावे नाव लिहिलेले आहे, 'बर्ड', म्हणजे पक्षी. १५१ पैकी एकही प्राणी त्या प्रकारचा नाही. उडणाऱ्यांसाठी 'फ्लाइंग' हा प्रकार वेगळा आहे. म्हणजे हे नाव पहिल्या आराखड्यातले असावे, बेत बदलला आणि पुसायचे राहून गेले. मिसिंगनोची माहिती भलत्या जागेतून वाचताना यंत्राच्या हाती नेमका सहा हा आकडा लागतो, म्हणून तो पक्षी! पंख नाहीत, चोच नाही, पण कागदोपत्री पक्षी. तक्त्यात याहून मोठी चूकही होती. मनःशक्तीचे प्राणी भुतांना घाबरतात असे खेळातलेच एक पात्र सांगते. प्रत्यक्षात तक्त्यात भुतांच्या माऱ्याचा त्यांच्यावर परिणाम शून्य लिहिलेला होता. ती चूक १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या पुढच्या खेळांत सुधारली.

मग मुलांचे सगळे ऐकीव खरे मानायचे का? तसेही नाही. त्याच काळात शाळाशाळांतून दुसरी बातमी फिरत होती. बंदरात जहाजाजवळ एक ट्रक उभा आहे, तो ढकलला की खाली 'म्यू' नावाचा प्राणी सापडतो. ट्रक खरोखर आहे. कित्येकांनी तो ढकलून पाहिला, पण खाली काही नाही. म्यू मात्र खेळात होता. शिगेकी मोरिमोतो या कारागिराने अगदी शेवटी, तपासणीची साधने काढून टाकल्यावर उरलेल्या ३०० बाइटच्या जागेत त्याला बसवले होते. २१ क्रमांकाच्या खोलीत. एक बातमी खरी निघाली, एक खोटी. दोन्ही सारख्याच अजब वाटत होत्या. ऐकून फरक कळला नसता. फरक कळला तो करून बघितल्यावर आणि मागचे कारण शोधल्यावर.

हे सगळे मी पोरांच्या खेळापुरते सांगत नाही. आज आपले रेशन, पगार, पेन्शन, शिष्यवृत्ती सगळे संगणकात आहे. खिडकीशी उभे राहिल्यावर कधी ऐकायला मिळते, "यादीत तुमचे नाव नाही." आपण हाडामांसाचे समोर उभे, आणि यादीत नंबर गहाळ. तेव्हा आपल्यालाही वाटते की यंत्र बोलले, म्हणजे खरेच असेल. पण यंत्र आपल्या मनाने काही बोलत नाही. कुणीतरी यादी केली, कुणीतरी रकाना आखला, कुठेतरी एक आकडा चुकीच्या घरात पडला. जे माणसाने लिहिले ते माणसाला तपासता येते आणि दुरुस्तही करता येते. सिनाबारच्या किनाऱ्यावरची ती चूक पुढच्या 'यलो' या खेळात बुजवलीच की नाही? म्हणून खिडकीवरून मुकाट परत फिरू नका. कारण विचारा, आणि ते लेखी मागा.

आणि ताई, आज रात्री एक करा. जेवणे झाल्यावर मुलाला कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा. त्याचे नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. 'ए' म्हणजे १२८ धरून प्रत्येक अक्षराखाली आकडा मांडू द्या. कोणत्या अक्षराने कोणती खोली उघडते ते त्यालाच तुम्हाला समजावून सांगू द्या. हिशोब पुरा झाला की तो मोरीत एकटा जातो की नाही, ते मला अवश्य कळवा.