बहिरी पाहुणा

दिवाळीच्या सुमारास आमच्या पनवेलला पाहुण्यांची रीघ लागते. मुंबईची मंडळी गाडी वाकडी करून येतात, पुण्याची मंडळी वाटेवरच आहे म्हणून येतात आणि कोकणात जाणारे सगळेच नातेवाईक इथे चहाला थांबतात. याच सुमारास आणखी एक पाहुणा येतो. तो साडेपाच-सहा हजार किलोमीटरवरून, उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियातून येतो. कोणाच्या घरी उतरत नाही, फराळाचे नाव काढत नाही. खाडीकाठच्या एखाद्या उंच मनोऱ्यावर मुक्काम ठोकतो आणि चैत्र-वैशाखाच्या आत गुपचूप चालता होतो.

या पाहुण्याचे नाव बहिरी ससाणा. मराठीच्या मास्तराला शब्द ओलांडून पुढे जाणे जड जाते, म्हणून नावापाशी घटकाभर थांबतो. हा पक्षी बहिरा नाही. कोकणातल्या बहिरी देवाशीही त्याचे नाते नाही. तो देव म्हणजे आपला भैरव. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र, म्हणून ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. बादशहा-सुलतानांच्या शिकारखान्यांतून हा शब्द आपल्याकडे आला आणि मराठीच्या तोंडी पडून बहिरा झाला. ‘ससाणा’चीही गंमत अशीच. अमरकोशात श्येन पक्ष्याला शशादन, म्हणजे ससे खाणारा, असे म्हटले आहे; ससाणा त्यातूनच आला असावा. पण आमचा पाहुणा सशाच्या वाटेला सहसा जात नाही. त्याची शिकार आकाशात चालते. उंचावरून पंख मिटून तो ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने खाली झेपावतो आणि उडते पाखरू हवेतच टिपतो. शास्त्रज्ञांनीही नावाचा घोळ घालून ठेवला आहे. सैबेरियातून येणाऱ्या या पोटजातीला जॉन लॅथम याने १७९० साली ‘कॅलिडस’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उष्ण! बर्फाच्या मुलखात जन्मणाऱ्या पाखराचे नाव उष्ण.

बहिरी ससाणा अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत आढळतो, आणि त्याच्या एकोणीस-एक पोटजाती मानतात. त्यांपैकी हा कॅलिडस टुंड्रातला. तिथे झाड म्हणून औषधाला सापडत नाही. नदीकाठच्या दरडीवर जमीन थोडी उकरून मादी तीन-चार अंडी घालते. घरटे बांधण्याची यातायात नाही. सूर्य न मावळणाऱ्या त्या दीड-दोन महिन्यांत पिलांचे सारे उरकावे लागते. तांबड्या छातीचे हंस मुद्दाम या ससाण्याच्या शेजारी घरटी करतात. कोल्हा आला, तर ससाणा आपल्या अंड्यांसाठी त्याला पिटाळतो, आणि हंसांची अंडी फुकटात वाचतात. शेजार कसा निवडावा हे त्यांच्याकडून शिकावे.

त्याचा एक भाऊबंद मात्र आपल्याकडचाच, बारमाही. तो शाहीन ससाणा. कर्नाळ्याच्या किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा काळाकभिन्न सुळका पाहिला आहे ना? असले उघडे कातळकडे हे शाहीनचे वतन. सुळक्याभोवती आग्या मोहोळे लोंबत असतात, त्यामुळे माणूस सहजी फिरकत नाही, हेही त्याच्या पथ्यावर पडते. कर्नाळा अभयारण्य १९६८ साली झाले. तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते, २००३ साली ते बारा चौरस किलोमीटरवर गेले. म्हणजे हिवाळ्यात पनवेल तालुक्यात यजमान डोंगरावर आणि पाहुणा खाडीवर, अशी वाटणी असते.

आता या कुळावर आलेल्या संकटाची कथा. तिच्यात पनवेलकरांचाही थोडा हात आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये निरोप्या कबुतरांना ससाणे मारतात म्हणून सरकारने १९४० साली हुकूम काढून सुमारे ६०० ससाणे मारविले. युद्ध संपले, पण कबुतरवाल्यांचा राग ओसरला नाही. ससाणे फार माजले, आमची शर्यतीची कबुतरे उरू देत नाहीत, असे गाऱ्हाणे घेऊन ते १९६० साली सरकारदरबारी गेले. सरकारने मोजणी करायला लावली. डेरेक रॅटक्लिफ हे गृहस्थ त्या कामाचे प्रमुख. ते कडेकपारी धुंडाळून आले, तो निम्म्याहून अधिक ससाणे नाहीसे झालेले! जी घरटी होती, त्यांत अंडी फुटलेली. आईच अंगाखाली घेऊन बसायची आणि तिच्याच वजनाने कवच चिरडायचे.

रॅटक्लिफ यांनी मग एक फार साधी गोष्ट केली. इंग्रजांना पूर्वी पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा भारी षोक होता. तारखेनिशी लावलेली जुनी अंडी संग्रहालयांत आणि घरोघरच्या पेट्यांत पडून होती. ती त्यांनी काढून तोलली. १९४६ पर्यंतची कवचे जाड, आणि १९४७ पासून एकाएकी पातळ. हे त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. १९४७ च्या आसपास असे काय नवे आले होते? डीडीटी. शेतात फवारलेले औषध किड्यात, किड्यातून पाखरात, पाखरातून ससाण्यात, असे पायरीपायरीने साठत जाई, आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसलेल्याच्या वाट्याला सर्वांत मोठा हप्ता येई. अमेरिकेत तर मिसिसिपी नदीच्या पूर्वेला साठीच्या मध्यास या ससाण्याची एक जोडीही उरली नव्हती.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ते अमेरिकेच्या उत्तरेकडचे. अलास्काच्या टुंड्रातले ससाणेही घटले होते. तिथे ना शेत, ना फवारणी. विष त्यांनी आणले होते ते हिवाळ्याच्या मुक्कामाहून, दक्षिणेतल्या उबदार गावांहून. माहेर निर्मळ असून काय उपयोग, बाधा झाली ती पाहुणचारातून. ध्रुवावरच्या पाखराचे बरेवाईट ध्रुवावर ठरत नाही. ते पनवेलसारख्या ठिकाणी ठरते, ते असे.

डीडीटीला नुसत्या शिव्या देणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घराघरांतून फवारणीवाले फिरू लागले, आणि कोकणातल्या कित्येक आयांची लेकरे जगली. त्याच कामासाठी १९५४ साली ‘हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स’ ही सरकारी कंपनी निघाली. पुढे तिचा एक कारखाना आमच्या शेजारी रसायनीला उभा राहिला. तिथेही डीडीटी होत असे. घराच्या भिंतीवर मारलेली डीडीटी ही एक गोष्ट आणि शेतावर पिंपांनी ओतलेली ही दुसरी. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीवर बंदी घातली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ साली थांबला. मधल्या सतरा वर्षांत जे ससाणे सैबेरियातून येऊन आपली पाखरे खाऊन गेले, त्यांच्या अंड्यांचे काय झाले असेल, हा विचार मला काही सुखाचा वाटत नाही.

या कथेचा शेवट मात्र बरा झाला. टॉम केड नावाच्या प्राध्यापकाने १९७० साली ‘पेरेग्रिन फंड’ काढला, ससाणे पिंजऱ्यात वाढवून रानात सोडले, आणि १९९९ साली अमेरिकेने हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून काढला. आज जागतिक यादीत त्याची नोंद ‘लीस्ट कन्सर्न’ अशी आहे. घरात कमावत्या मुलाविषयी आई ‘त्याची नाही हो मला काळजी’ म्हणते, तशीच ही नोंद; ती म्हणते म्हणून काळजी संपत नाही. त्याच बर्फातले पांढरे घुबड २०१७ साली या यादीत दोन पायऱ्या खाली घसरून असुरक्षितांत गेले. आणि आपल्या गिधाडांचे काय झाले, ते मी सांगायला नको. गुरांच्या एका दुखणेनाशक औषधाने ती पटापट मेली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण ससाणा जसा परतला, तशी गिधाडे परतली नाहीत. बहिरीला आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. कागद चोख आहेत.

२०२१ साली शास्त्रज्ञांनी युरोप-आशियाच्या टुंड्रातल्या ५६ ससाण्यांच्या पाठीवर यंत्रे बांधून त्यांच्या वाटा मांडल्या. दूरवर जाणाऱ्यांत एक जनुक वेगळे आढळले. हे जनुक स्मरणशक्तीशी निगडित आहे. म्हणजे हे पाखरू वाट लक्षात ठेवते, आणि बहुधा मुक्कामही. हवामान तापत गेले, तर पश्चिमेकडच्या ससाण्यांची संख्या घटेल आणि कदाचित ते स्थलांतरच सोडतील, असाही त्यांचा अंदाज आहे.

मुक्काम लक्षात ठेवणाऱ्या पाहुण्याला पनवेलची खाडी मात्र ओळखू येईल की नाही, कोण जाणे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, दलदलीत भराव पडला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात उद्‌घाटन झाले. विमानतळ नको, असे मी म्हणत नाही. माझे अर्धे विद्यार्थी तिथल्याच नोकरीकडे डोळे लावून आहेत. पण तुतवार, चिखल्या, पाणलावे उतरतात ते ओहोटीच्या चिखलावर, आणि बहिरी येतो ते त्यांच्यामागे. चिखल राहिला नाही, तर पानावर वाढायचे काय? कबुतरे आहेत म्हणा, ती आपण धान्य टाकून भरपूर वाढविली आहेत.

पाहायची इच्छा असेल, तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ओहोटीची वेळ साधून खाडीकडे जावे. एरवी निवांत चरणारी पाखरे एकदम थव्याने उठली आणि आकाशात घड्या घालू लागली, की समजावे, वर कोणीतरी आहे. नाहीतर विजेचे आणि मोबाइलचे मनोरे तपासावेत. डोमकावळ्याएवढा, पाठीवर पाटीसारखा करडा, गालावर काळी मिशी. पोट पांढुरके असले, तर पाहुणा. विटकरी तांबूस असले आणि डोके काळेभोर असले, तर कर्नाळ्याचा शाहीन. जवळ जाऊन उडवू नये, आणि फोटोसाठी दगड तर मुळीच मारू नये. हे लिहावे लागते, कारण मारणारे मी पाहिले आहेत.